बाळाशी बोलायचं कुणी आणि कधी?



अंगणवाडीच्या भिंतीवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात आणि आता तर मोबाईलवर येणाऱ्या चित्रफितींतूनही एक उपदेश आपल्याला सारखा ऐकवला जातो : बाळाशी बोला. अंघोळ घालताना बोला, भरवताना बोला, कपडे वाळत घालताना बोला. त्याला जोडून 'आई हीच मुलाची पहिली शाळा' हे वाक्य येतंच. आपल्या त्रैमासिकात मारहाण, पोटगी, समान वेतन, घर दोघांच्या नावावर करणं, असे विषय असतात. त्यात बाळाच्या बोबड्या बोलांवर संपादकीय कशाला, असं काहीजणींना वाटेल. मला मात्र हा विषय आपल्याच घरातला वाटतो. उपदेश करणारा जे सांगतो ते खोटं नाही. पण त्या वाक्याला कर्ता एकच आहे, आई. आणि त्या वाक्यात वेळ कुठून आणायचा ते सांगितलेलं नाही.

गेले काही महिने मी मांजरी बुद्रुकच्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकांना जाते आहे. ज्यांनी मांजरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पुढे, मुळा-मुठेच्या काठचं हे गाव. द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे आहे, उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे, जगभरच्या बाळांना टोचल्या जाणाऱ्या लशी बनवणाऱ्या सीरमचा कारखाना इथेच आहे. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली गेली, त्यात मांजरी बुद्रुकही आलं. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहतात, त्या बांधायला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहार-बंगालमधून माणसं येतात, आणि बांधून झाल्यावर त्या इमारतींत धुणीभांडी करायला, पोळ्या लाटायला, मुलं सांभाळायला गावातल्या आणि वस्तीतल्या बायका जातात.

एका बैठकीत 'बाळाशी बोला' असं छापलेलं एक पत्रक कुणीतरी आणलं होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "ताई, मी तर दिवसभर बाळाशीच बोलते. पण ते माझं नाही." ती एका मोठ्या सोसायटीत दोन वर्षांच्या मुलाला सांभाळते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्याला घेऊन ती खाली बागेत जाते, कावळा दाखवते, पाण्याची टाकी दाखवते, भाजी निवडताना त्याच्या हातात मटाराची शेंग देते. "सगळ्या भाज्यांची नावं मी शिकवली त्याला. पडवळसुद्धा म्हणतो. माझी पोरगी त्याच्याच वयाची, ती अजून नुसतं बोट दाखवते." तिची मुलगी दिवसभर सासूजवळ असते. सासूला दिसत कमी, गुडघे धरलेले. ती मुलीला दाराजवळ बसवते आणि मोबाईल हातात देते. संध्याकाळी ही घरी येते तेव्हा पाणी भरायचं असतं, स्वयंपाक असतो, आणि मुलगी झोपेला आलेली असते.

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पण बोलण्याची जी श्रीमंती त्या सोसायटीतल्या बाळाला मिळते आहे ती कुणाच्या तोंडातून येते आहे आणि कुठल्या बाळाच्या वाट्यातून जाते आहे, हे तिच्याइतकं स्पष्ट मला कुठल्या पुस्तकात दिसलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा, बोलण्याने नेमकं काय होतं? मूल बोलायला शिकतं ते नुसतं ऐकून नाही, देवाणघेवाणीतून. बाळ बोट दाखवतं, आपण त्या वस्तूचं नाव घेतो. बाळ 'भू' म्हणतं, आजी म्हणते, "हो, भू. काळा भू. कुठे गेला गं भू?" आणि थांबते. हे थांबणं महत्त्वाचं. बाळाला त्याची पाळी मिळते. ते हात हलवेल, 'अं' म्हणेल, दाराकडे बघेल, आणि आजी तेच उत्तर समजून पुढे बोलेल. बाळाच्या एका शब्दाला दोन शब्द जोडून परत देणं हे आपल्या घरांतून बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. मम्मं, पापा, भुर्र, हम्मा, माऊ, गाई, जोजो हे शब्द बघा. बहुतेकांत दोन ओठ मिटून येणारे, बाळाच्या तोंडाला सर्वांत आधी जमणारे आवाज आहेत, आणि तेच तेच पुन्हा म्हणायचे आहेत. हा अभ्यासक्रम कुणा समितीने बसवलेला नाही.

चिऊकाऊची गोष्टही याच जातीची. पावसात घर वाहून गेलेला काऊ दार वाजवतो, आतून चिऊ दर वेळी नवं कारण सांगते, आणि तेच दार वाजवणं पुन्हा येतं. दोन-अडीच वर्षांचं मूल तिसऱ्या खेपेला स्वतःच दार वाजवायला लागतं. (जाता जाता : चिऊ दार उघडत नाही कारण ती बाळाला अंघोळ घालते आहे, पुसते आहे, भरवते आहे, तीट लावते आहे, झोपवते आहे. एवढ्या पावसात त्या घरातला दुसरा माणूस कुठे गेलेला असतो, हे गोष्ट आपल्याला कधीच सांगत नाही.)

शास्त्रज्ञांनी जे तपासलं ते याला दुजोराच देतं. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळली, बोलली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी आवाजांमधला फरक ओळखू यायला लागला. पडद्यावरून ऐकलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. २०१८ साली रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या छत्तीस मुलांचा अभ्यास केला. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा मोठं माणूस आणि मूल यांच्यात बोलण्याची किती फेऱ्यांनी देवाणघेवाण झाली, याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त होता. सासूने हातात दिलेला मोबाईल बोलतो भरपूर, पण थांबत नाही, आणि बाळाने बोट दाखवलं तर तिकडे बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त दाखवू नये असं सांगितलं. सांगणं बरोबर आहे. पण गुडघे धरलेल्या सासूला त्या तासाभराऐवजी काय द्यायचं, ते तिथे लिहिलेलं नाही.

इथे मला एका प्रसिद्ध आकड्याबद्दल बोलायचं आहे, कारण तो आपल्या प्रशिक्षणांतूनही आता ऐकू येतो. १९९५ साली अमेरिकेतल्या बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांचं पुस्तक आलं. कॅन्सस राज्यातल्या बेचाळीस कुटुंबांत ते दर महिन्याला तासभर जाऊन बसले, मुलांशी बोललेला प्रत्येक शब्द त्यांनी मोजला. त्यातून त्यांनी हिशेब मांडला की सुशिक्षित व्यावसायिकांच्या घरातलं मूल आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरातलं मूल यांच्या कानावर पडलेल्या शब्दांत चार वर्षांचं होईपर्यंत तीन कोटींचा फरक पडतो. हा आकडा जगभर फिरला. त्या बेचाळीस कुटुंबांपैकी सरकारी मदतीवरची कुटुंबं फक्त सहा होती, आणि ती सगळी कृष्णवर्णीय होती, हे मात्र आकड्याबरोबर फिरलं नाही. एक अनोळखी शिकलेला माणूस वही घेऊन कोपऱ्यात बसला तर कुठल्या घरातली आई मोकळेपणाने बोलेल आणि कुठली आई गप्प होईल, हे वस्तीत सर्वेक्षण केलेल्या आपल्या कुठल्याही कार्यकर्तीला सांगता येईल. २०१८ साली डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या समाजांत पुन्हा मोजणी केली. आईशिवाय घरातली इतर माणसं बाळाशी काय बोलतात आणि बाळाच्या आसपास काय बोललं जातं तेही धरलं, तेव्हा गरीब-श्रीमंत हा सरळसोट फरक तसा राहिला नाही. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल खेड्यांत बाळांशी थेट बोलणं तासाला जेमतेम चार मिनिटं होतं असं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं. तिथलं मूल आईच्या पाठीवरून जग बघतं, ऐकतं, आणि त्याचे पहिले आवाज, पहिले शब्द वेळेवरच येतात.

मांजरीच्या उपबाजारात एकदा गेलात तर तुम्हालाही हे दिसेल. शेतकरी थेट पालेभाजी घेऊन येतात, किरकोळ विकणाऱ्या बायका जुड्या घ्यायला येतात, काहींच्या कडेवर मूल असतं. गलका, भाव, शिव्या, हसणं, आकडे. तिथे अडीच-तीन वर्षांची एक चिमुरडी मेथीच्या जुडीकडे बोट करून आईच्याच आवाजात "घे गं मावशी, ताजी हाय" म्हणत होती. तिच्या घरी चित्रांचं एकही पुस्तक नसेल. तिची भाषा गरीब आहे असं मला कुणी पटवू शकणार नाही.

म्हणून आपली भूमिका मला अशी वाटते. देवाणघेवाणीने मुलाची भाषा वाढते, हे आपण मनापासून मान्य करावं आणि प्रत्येक बैठकीत सांगावं. पण गरीब आया बोलत नाहीत, त्यांना बोलायला शिकवलं पाहिजे, हा त्याला चिकटवलेला निष्कर्ष आपण स्वीकारू नये. मांजरीतली ती बाई उत्तम बोलते. तिच्या बोलण्याला बाजारात पगारही मिळतो. तिच्याकडे स्वतःच्या मुलीसाठी दिवसाचा तुकडा उरलेला नाही.

वेळेचा हिशेब सरकारनेही केला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं, असं निघालं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली!

बापाचं काय, हा प्रश्न त्या बैठकीत एका म्हातारीने विचारला. तिने विचारला म्हणून बरं झालं, तरण्या बायका हसण्यावारी नेत होत्या. बाप संध्याकाळी येतो, बाळाला उचलतो, दोनदा उडवतो आणि "घे गं हिला" म्हणून परत देतो. बाळाशी बोबडं बोलणं हे बाईचं काम, पुरुषाला ते शोभत नाही, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. सरकारही तेच शिकवतं. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली. ती बायकांना मिळते. पुरुषाला कधी मिळते? त्याची बायको वारली असेल तर, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे आई धडधाकट जिवंत असेपर्यंत बाप संगोपन करू शकतो हे शासनाच्या कल्पनेतच बसत नाही.

बापानंतर येते ताई. वस्तीत तान्ह्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस म्हणजे त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण. ती त्याला कडेवर घेऊन फिरते, नावं शिकवते, गाणी म्हणते, खोटं खोटं रागावते. तिच्यासारखी शिक्षिका नाही. पण त्यासाठी तिची शाळा बुडते, आणि तान्ह्याचे शब्द वाढतात तसे तिच्या हजेरीपटावरचे खाडे वाढतात. पाळणाघराची मागणी करताना आपण आईच्या कामाबद्दल बोलतो. या मुलीबद्दलही बोललं पाहिजे.

मूल काय शिकतं याबद्दलही एक गोष्ट. मराठी शिकणारं मूल पहिली वाक्यं बनवतं तेव्हाच त्याला ठरवावं लागतं की 'मी जातो' म्हणायचं की 'मी जाते'. इंग्रजी किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाला स्वतःबद्दल बोलताना हे ठरवावं लागत नाही. आपल्याकडे 'ते बाळ' बघता बघता 'तो' किंवा 'ती' होतं आणि क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात स्वतःचं बाईपण किंवा पुरुषपण उच्चारायला शिकतं. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात आणि पुण्यात त्यांना हसतात, तेव्हा याची गंमत कळते. लाडात आपण मुलीला 'काय रे सोन्या', 'आला का माझा राजा' म्हणतो. मुलाला 'काय गं' म्हटलं की मात्र ती चेष्टा होते. व्याकरण बदलायला निघा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगते की दोन वर्षांच्या मुलीला आपण बोलायला शिकवतो, तिच्या प्रत्येक शब्दाला टाळ्या वाजवतो, आणि तीच मुलगी दहा वर्षांची झाली की 'मुलीच्या जातीने एवढं बोलू नये' म्हणतो. मधल्या आठ वर्षांत काय होतं, त्याकडे आपल्या गटांनी लक्ष ठेवायला हवं.

भाषेचा आणखी एक घोळ मांजरीत रोज दिसतो. बांधकामावरच्या शेडमध्ये एका रांगेत तेलुगूच्या जवळची वडारी बोली, गोरमाटी, कन्नड, हिंदी, बंगाली आणि मराठवाड्याची मराठी ऐकू येते. तिथल्या आयांना कुणी ना कुणी सांगतं, घरची भाषा सोडा, पोराशी मराठीच बोला, नाहीतर त्याचा गोंधळ होईल. पलीकडच्या चाळीतल्या आईला सांगितलं जातं, इंग्रजी शाळेत घालायचंय ना, मग आत्तापासून इंग्रजी बोला. मग ती बिचारी मुलासमोर सफरचंदाचं चित्र धरून 'ॲपल' म्हणते आणि गप्प होते, कारण त्यापुढचं वाक्य तिच्याकडे नाही. मराठीत तिला सफरचंदाबद्दल अर्धा तास बोलता आलं असतं : लाल आहे, महाग आहे, आजोबांना दात नाहीत म्हणून त्यांना किसून द्यावं लागतं. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं होत नाही. आपल्या देशातली कितीतरी मुलं दोन-तीन भाषा अंगणातच उचलतात. आईने ज्या भाषेत रागावता येतं, हसता येतं, रडता येतं त्या भाषेत बोलावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गरिबांची मुलं बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथे रुजली. मुलाच्या घराकडे, त्याच्या बोलीकडे शाळेने चालत जायचं, ही त्यातली खरी गोष्ट होती.

ती अंगणवाडी सरकारी योजना म्हणून २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गाणी, गोष्टी, खेळ हे तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळतं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाची मात्र मुख्यतः नोंद होते, वजन होतं, लसीची आठवण होते आणि घरी न्यायचा आहार मिळतो. बोलणं उमलतं ते नेमकं याच तीन वर्षांत. २०२४ साली केंद्र सरकारने या वयासाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. त्यात अंगणवाडीताईने घरोघर जाऊन पालकांना बाळाशी कसं खेळावं, कसं बोलावं ते दाखवायचं आहे. कल्पना चांगली आहे. पण याच ताई ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रात बावन्न दिवस संपावर होत्या, कारण त्यांना पगार नाही, मानधन आहे. आणि ती दुपारी घरी जाईल तेव्हा आई कामावर असेल. घरी सासू आणि मोबाईल असेल.

म्हणून पाळणाघर. हा शब्द आपण १९७५ पासून मोर्च्यांत म्हणतो आहोत, तरी तो जुना झालेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका. म्हणून मालक आणि ठेकेदार काय करत, ते तुम्हाला माहीत आहे : बायका एकोणतीस ठेवायच्या, किंवा मस्टरवर नवऱ्याचं एकट्याचं नाव लावायचं. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने बायकांऐवजी सगळे कर्मचारी मोजले, पन्नास किंवा जास्त. हा आपला विजय होता, कारण मूल फक्त बाईचं असतं ही समजूत त्यात थोडी तरी सैल झाली. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला बघण्याची मुभा मात्र त्याच कायद्याने फक्त बाईला दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासांची अट आणि आईच्या चार भेटी तशाच आहेत.

मांजरीतल्या घरकामगारणीच्या मालकिणीकडे पन्नास कर्मचारी कधीच असणार नाहीत. तिथे ती एकटीच असते. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, पगारी रजा आणि बोनस मागितला. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. या सगळ्या वाटचालीत मुलाला दिवसभर ठेवायचं कुठे याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. उत्तर वस्तीतच द्यावं लागेल : वस्तीतलं, पालिकेच्या पैशाने चालणारं, सकाळी सातला उघडणारं पाळणाघर, आणि ते चालवणाऱ्या बाईला मानधनाऐवजी पगार. केंद्राची 'पालना' योजना २०२२ पासून आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची त्यात सोय आहे. मांजरी आता महापालिकेत आहे, घरपट्टी भरते. मागणी कुणाकडे करायची हे निदान स्पष्ट झालं आहे. आणि मागणी करताना एक गोष्ट आग्रहाने लिहा : एका बाईकडे पंचवीस तान्ही बाळं दिली तर ती त्यांना फक्त कोरडी ठेवू शकते. त्यांच्याशी बोलू शकत नाही. बाळांची संख्या कमी ठेवण्याची अट ही चैन नाही, पाळणाघराचं निम्मं काम तेच आहे.

जाण्याआधी एक आरोग्याची गोष्ट, कारण तिच्यावरून आयांना फार बोलणी खावी लागतात. मूल उशिरा बोलायला लागलं की घरात दोन गोष्टी होतात. 'याचा मामाही उशिराच बोलला' म्हणून वाट बघतात, किंवा आईला दोष देतात. मध्ये वेखंड उगाळून चाटवलं जातं. वर्षाचं होऊनही बाळ बडबडत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत 'मम्मं दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. ज्याला ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसं? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी सरकारी यंत्रणेतून मोफत होते. अंगणवाडीत पथक येतं त्या दिवशी बाळाला घेऊन जा, आणि पथक आलं नाही तर का आलं नाही ते विचारा. जितकं लवकर कळेल तितकं यंत्राचा किंवा खुणांच्या भाषेचा उपयोग जास्त. हो, खुणांच्या भाषेचाही. तीही पूर्ण भाषाच आहे, आणि त्यातही थांबून पाळी द्यावी लागते.

मांजरीच्या गटाने एक काम हातात घेतलं आहे. गल्लीगल्लीत जाऊन तीन वर्षांच्या आतली मुलं किती, आई कामावर किती वाजता जाते आणि कधी येते, त्या वेळात मूल कुणाजवळ असतं, त्या माणसाचं वय काय, ते दुसरं कुठलं काम करत असतं का, आणि अंगणवाडी किती मिनिटांवर आहे, एवढंच ते विचारतात. मुलाला किती शब्द येतात हे त्यांनी मुद्दाम विचारलेलं नाही. पहिल्याच संध्याकाळी एका घरी बाप भेटला. त्याने आधी "बायको आल्यावर या" सांगितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दारात बसून त्यानेच सगळी माहिती दिली, मधूनमधून मुलाला "बरोबर ना रे?" असं विचारत.

तुमच्या वस्तीतही ही नोंद करा. गटाचा तक्ता आमच्याकडे मागितलात तर पोस्टाने पाठवू. भरलेले तक्ते पुढच्या अंकाची छपाई सुरू होण्याआधी आले, तर मांजरीच्या नोंदींबरोबर तेही छापू आणि एकत्र करून महापालिकेकडे आणि महिला व बालविकास विभागाकडे नेऊ.